नव्या घराचे कुंपण : हद्द, माती आणि पाणी

घराचे बांधकाम आटोपत आले आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरला, की उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या दिवसांत उरकून टाकायचे काम म्हणून कुंपणाकडे पाहिले जाते. प्रत्यक्षात कुंपण हे जमिनीची मालकी, शेजाऱ्यांशी असलेले संबंध आणि आवारातून वाहणारे पावसाचे पाणी या तिन्हींशी एकाच वेळी गुंतलेले बांधकाम आहे. घराच्या आत झालेली चूक मालकाला स्वतःच्या खर्चाने निस्तरता येते. कुंपणाच्या चुकीला मात्र शेजाऱ्याची संमती लागते आणि ती न मिळाल्यास प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते. महाराष्ट्रात या कामाला फाल्गुन ते वैशाख हा काळ सर्वांत सोयीचा असतो. या दिवसांत रान वाळलेले असल्यामुळे गवताखाली दडलेले जुने हद्दीचे दगड आणि बांध उघडे पडतात, मोजणीदाराला एका टोकावरून दुसरे टोक दिसते, काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारता येते आणि जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी खांब जमिनीत पक्के बसतात.

पहिला प्रश्न तारेचा किंवा चिऱ्याचा नसून रेषेचा असतो. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका जमिनीचे क्षेत्र आणि धारक सांगते, परंतु ती जमीन प्रत्यक्षात कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे नकाशा व त्यावरून केलेली मोजणीच सांगू शकते. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांनाही जाते आणि मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखवणारी नकाशाची प्रत अर्जदाराला मिळते. मुंबई इलाख्यातील जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने झाली होती आणि तिचे १६ भाग, म्हणजे १६ आणे, पाडलेले होते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा आजही व्यवहारात असलेला गुंठा त्याच साखळीतून आलेला आहे. एक आणा दोन फुटांहून थोडा मोठा असल्याने, जुन्या मोजणीवर आधारलेली रेषा आणि शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मानलेला बांध यांत हातभर अंतर पडणे मुळीच अस्वाभाविक नाही. असे अंतर निघाले, तर खांब रोवण्याआधी त्याचा लेखी निकाल लावून घेणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ या कायद्यातील एक संपूर्ण प्रकरण सीमा आणि सीमाचिन्हे या विषयाला दिलेले आहे. त्यानुसार हद्दीचे दगड सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर असते आणि ते हलवणे किंवा नष्ट करणे दंडास पात्र ठरते. म्हणून खड्डे खणणाऱ्या मजुरांना ते दगड आधीच दाखवून ठेवावेत.

रेषा निश्चित झाली, तरी तिच्यावरून कोणाची वहिवाट जाते का, हे पाहणे बाकी राहते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे एखादी वाट किंवा पाण्याचा पाट २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंडितपणे वापरला गेला असेल, तर त्यावर वापरणाऱ्याचा हक्क निर्माण होऊ शकतो. आणि शेतजमिनीकडे जाणारा रस्ता किंवा पाणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. गावाबाहेर नव्याने घेतलेल्या भूखंडांवर हा प्रश्न वारंवार उद्भवतो, कारण विकत घेणाऱ्याला जमीन मोकळी दिसते आणि पलीकडच्या शेतकऱ्याची बैलगाडी तेथून फक्त सुगीत जात असते.

यानंतर मातीचा विचार करावा लागतो, आणि येथे देश व कोकण यांचे मार्ग वेगळे होतात. देशावरच्या काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. या फुगण्या-आकसण्यामुळे उथळ पाया वर्षातून एकदा उचलला जातो व एकदा खाली बसतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरक्या भेगा जातात किंवा खांबांची रांग वाकडी होते. चैत्र-वैशाखात हीच माती आपली खोली स्वतः दाखवते: उन्हाने पडलेल्या भेगेत बारीक लोखंडी तार सोडली आणि ती टेकेपर्यंत खाली जाऊ दिली, तर माती निदान किती खोलवर हलते याचा अंदाज मिळतो. पाया त्या पातळीच्या खाली, शक्य तेथे मुरमापर्यंत, नेला पाहिजे. मुरूम फार खोल असेल, तर सलग दगडी भिंतीचा हट्ट सोडून खांब आणि जाळी यांकडे वळावे, कारण खांब थोडा हलला तरी जाळी ते सहन करते. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत ही अडचण नाही, पण तेथे कातळ हातभर खोलीवर लागतो आणि खड्डा खणण्याऐवजी फोडावा लागतो, ज्याचा खर्च अंदाजपत्रकात बहुधा धरलेलाच नसतो.

कुंपणाचे सर्वाधिक नुकसान करणारी गोष्ट चोर किंवा गुरे नसून पाणी आहे. भिंतीमागे एक मीटर उंचीपर्यंत पाणी तुंबले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्ध्या टनाचा आडवा रेटा पडतो, आणि नऊ इंची साधी भिंत हा रेटा सोसण्यासाठी बांधलेलीच नसते. उताराच्या जागेवर वरच्या अंगाला बांधलेली भिंत पावसाचे वाहते पाणी अडवून धरण्याचे काम नकळत करू लागते. म्हणून तिच्या तळाशी दर दीड-दोन मीटरवर पाणी जाण्यासाठी नळीची भोके आणि त्यांच्या मागे खडीचा थर ठेवणे आवश्यक असते. अडलेले पाणी वळवून शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे हा मात्र उपाय नव्हे, ते नव्या वादाचे कारण आहे.

कोकणात रचला जाणारा गडगा, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता नुसत्या दगडांनी किंवा जांभ्याच्या चिऱ्यांनी उभारलेली भिंत, या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तिच्या फटींतून पाणी झिरपून जाते, त्यामुळे मागे दाब साठत नाही. तळाशी रुंद व माथ्याला अरुंद अशी तिची रचना असल्याने ती स्वतःच्या वजनावर उभी राहते आणि एखादी बाजू ढासळली तरी तेच दगड पुन्हा रचता येतात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, या गुणाची शास्त्रीय नोंद फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये मलबारच्या वर्णनात केली होती. कोकणातील गवंड्यांना तो गुण अर्थातच त्याच्या आधीपासून ठाऊक होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात गडग्याचा त्याग करून सिमेंटच्या सलग भिंती उभारण्याची जी घाई अलीकडे दिसते, ती बांधकामशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. गडग्याला जागा जास्त लागते आणि तो रचणारे कुशल हात कमी होत चालले आहेत, हे दोन आक्षेप मात्र खरे आहेत. खाचा पाडलेल्या काँक्रीटच्या खांबांत तयार फळ्या सरकवून उभारलेल्या भिंतीला जागा व वेळ दोन्ही कमी लागतात. परंतु पाण्याच्या बाबतीत तीही सलग भिंतच असल्याने तळाची फळी उताराकडे उघडी ठेवावी लागते.

मध्यम खर्चात बहुतेकांना परवडणारा पर्याय म्हणजे जाळीचे कुंपण, अर्थात जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या चौकटींची, बाजारात चेनलिंक म्हणून ओळखली जाणारी जाळी. तारेची जाडी गेज या मापाने सांगितली जाते आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक असते: १४ गेजची तार सुमारे २ मिलिमीटर, १२ गेजची सुमारे २.६ मिलिमीटर आणि १० गेजची सुमारे ३.२५ मिलिमीटर भरते. दुकानात सांगितला जाणारा स्वस्त दर पुष्कळदा बारीक तारेचा असतो, म्हणून भाव विचारताना गेज आणि चौकटीचे माप दोन्ही विचारावे. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजून त्याचे रक्षण करते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही झीज वेगाने होते, त्यामुळे किनाऱ्यालगत जाड मुलाम्याची किंवा वर प्लास्टिकचे आवरण असलेली जाळीच घ्यावी.

खर्चाचा अंदाज क्षेत्रफळावरून बांधणे ही येथील नेहमीची गफलत आहे, कारण कुंपणाचा खर्च परिघावर ठरतो. पाच गुंठ्यांचा भूखंड चौरस असेल, तर त्याची बाजू सुमारे ७४ फूट आणि परिघ २९५ फूट, म्हणजे ९० मीटर होतो. तेच पाच गुंठे ३३ फूट रुंद व १६५ फूट लांब अशा पट्टीच्या आकारात असतील, तर परिघ ३९६ फुटांवर जातो आणि खर्च एक तृतीयांशाने वाढतो. अडीच मीटरवर एक खांब धरल्यास पहिल्या भूखंडाला सुमारे ३६ आणि दुसऱ्याला ४८ खांब लागतात.

दीड मीटर उंच जाळीसाठी दोन मीटरहून थोडा अधिक लांबीचा खांब घेऊन त्यातील निदान ६० सेंटिमीटर जमिनीत गाडावा. कोपऱ्यांवर, फाटकाच्या दोन्ही बाजूंना आणि लांब सरळ रेषेत मधूनमधून खांबाला तिरका टेकू द्यावा लागतो, कारण जाळी ताणली की सगळा ओढा या खांबांवर येतो. टेकू गाळून पैसे वाचवलेले कुंपण पहिल्याच वर्षी कोपऱ्यांत आत झुकते. लोखंडी खांब गंजतो तो बहुधा जमिनीच्या वरही नाही आणि आतही नाही, तर ज्या बोटभर पट्ट्यात माती, ओल आणि हवा एकत्र येतात तेथे. म्हणून खड्ड्यातील काँक्रीट जमिनीच्या पातळीवर सपाट न सोडता दोन बोटे वर आणून त्याला चहूबाजूंनी उतार द्यावा, म्हणजे खांबाच्या बुंध्याशी पाणी थांबत नाही. लाकडी खांबही नेमक्या त्याच ठिकाणी कुजतो. कोकणात त्याचे गाडायचे टोक जाळून काळे करण्याची किंवा त्याला डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचे तेल, फासण्याची पद्धत आहे. काँक्रीटवर निदान आठवडाभर पाणी मारल्याशिवाय जाळी ताणू नये.

वई, म्हणजे झाडाझुडपांचे जिवंत कुंपण, हा स्वस्तातला नाइलाज मानला जातो. त्याची खरी योग्यता त्याहून बरीच मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर चुकवून होणारी वाहतूक रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारने सिंधूपासून मध्य भारतापर्यंत जकातीची सीमारेषा आखली होती आणि तिच्यावर बुऱ्हाणपूरपर्यंत शेकडो मैल काटेरी झाडांची वई वाढवली होती. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम काही वर्षे या जकात खात्याचे आयुक्त होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा झाडांची ती वई, जमीन नापीक असेल तेथे, जगली नाही आणि तेथे वाळलेले काटे किंवा दगडी भिंत घालावी लागली. १८७९ मध्ये ती जुलमी सीमारेषा मोडीत निघाली. वईचे झाड जमिनीला मानवणारे असावे लागते, ही तिच्यातली तांत्रिक शिकवण मात्र आजही लागू आहे.

गिरिपुष्प कोकणात व देशावर दोन्हीकडे तग धरते. त्याच्या मनगटाएवढ्या जाड, दीड-दोन मीटर लांबीच्या पक्व फांद्या पावसाच्या तोंडावर फूटभर खोल रोवल्या, की त्या मुळे धरतात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा छाटलेला नत्रयुक्त पाला माडाच्या व कलमांच्या आळ्यात खत म्हणून घालता येतो. अडुळसा व निर्गुडी यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. सागरगोट्याच्या आकडेदार काट्यांतून गुरे शिरत नाहीत. करवंद सावकाश वाढते, पण एकदा दाट झाले की वैशाखात फळेही देते. मेंदी दोन ओळींत, तिरक्या जोडीने, फूटभर अंतरावर लावल्यास आणि पहिल्या वर्षी निर्दयपणे छाटल्यासच तळापासून दाट होते. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात, म्हणून लहान मुले असलेल्या घराभोवती ही दोन्ही झाडे लावू नयेत. निवडुंगही विचारपूर्वकच लावावा. कुंपणातून निसटून तो इतका पसरला होता, की दक्षिण भारतात १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारे कीटक आणून सोडावे लागले.

उंचीला नियमांची मर्यादा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून कुंपणभिंत दीड मीटरपर्यंत घन असावी, आणि २.४ मीटरपर्यंत न्यायची असल्यास वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा गजांचे असावे. कोपऱ्यावरच्या भूखंडाला, वळणावर वाहने दिसावीत म्हणून, दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत घन भाग ०.७५ मीटरच ठेवता येतो. स्थानिक प्राधिकरणाची नियमावली अंतिम असल्याने ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत आधी चौकशी करावी. भिंतीचा पाया वरच्या भिंतीपेक्षा रुंद असतो, हे ध्यानात घेऊन रेषा तेवढी आत धरावी. पायाचा थर शेजाऱ्याच्या हद्दीत गेला, तर वर भिंत कितीही सरळ असली तरी ते अतिक्रमणच असते.

गावाबाहेरच्या पाच-दहा गुंठ्यांच्या घरासाठी एकच एक प्रकार चहूबाजूंनी ओढण्याऐवजी रस्त्याकडे गडगा किंवा बुटकी भिंत, उरलेल्या तीन बाजूंना जाळी आणि जाळीच्या आतल्या अंगाला हातभर अंतरावर वई, ही जोडणी सर्वांत टिकाऊ ठरते. जाळी पहिली तीन वर्षे सांभाळते आणि ती झिजू लागेपर्यंत वई दाट झालेली असते. तळाशी काही ठिकाणी वीतभर मोकळी जागा सोडली, तर मुंगूस आणि बेडूक यांचे येणे-जाणे चालू राहते. ज्यांना यंदाच्या पावसाआधी हे काम पुरे करायचे आहे, त्यांनी जाळीचे दर विचारायला जाण्याआधी मोजणीचा अर्ज भरावा. तारीख मिळेपर्यंतचा काळ शेजाऱ्यांशी बोलून घेण्यासाठी वापरावा.