व्हॉल्व्ह-विवर्धक आणि लाउडस्पीकर यांची जुळणी
३००बी या ट्रायोड व्हॉल्व्हच्या एकनलिका विवर्धकाची निर्गम शक्ती सुमारे ८ वॅट असते. ती घरगुती श्रवणास पुरेल की नाही, हे लाउडस्पीकरच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असते. १ वॅटला १ मीटर अंतरावर ८५ डेसिबेल देणारा लाउडस्पीकर ८ वॅटला ९४ डेसिबेलच गाठतो. ९५ डेसिबेल देणारा १०४ गाठतो. त्या पातळीसाठी पहिल्यास दहापट, म्हणजे ८० वॅट, लागतील.

तथापि केवळ संवेदनशीलता पाहणे पुरेसे नव्हे. ऋण पुनर्भरणाच्या अभावी अशा विवर्धकाचा निर्गम इंपीडन्स काही ओहम असतो. परिणामी लाउडस्पीकरचा इंपीडन्स जेथे वाढतो, विशेषतः खर्जातील अनुनादाशी, तेथे ध्वनीही प्रमाणाबाहेर वाढतो. म्हणून उच्च संवेदनशीलता व इंपीडन्सचा सपाट आलेख, ही दोन्ही लक्षणे पाहूनच निवड करावी.