डबा भंगारात देण्याआधी

225 चौरस फुटांत दोन कॉम्प्युटर फार दिवस एकत्र नांदत नाहीत. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधलं घर एवढंच. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांकाठच्या झोपड्या हलवल्या तेव्हा पुनर्वसनाच्या खोलीचं हेच माप ठरलं होतं. पीएमजीपी कॉलनीत किंवा महाराष्ट्र नगरातही जागेची चैन नाहीच. कॉट, कपाट, फ्रिज, शिलाई मशीन आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप. मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप आला की आठवड्याच्या आत कोणीतरी म्हणतंच, ‘तो डबा काढा आता तिथून.’

हे बोलणं गेल्या काही महिन्यांत वाढलं आहे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला आणि जुन्या मशीनवर विंडोज 11 रीतसर चढत नाही. मदरबोर्डवर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे धडधाकट चालणारे डबेही निवृत्त होणार. मानखुर्दला भंगार शोधत फिरावं लागत नाही. मंडाळ्याची गोदामं हाकेच्या अंतरावर आहेत आणि हातगाडीवाला जिन्याखाली येऊन उभा राहतो. घाई होते ती यामुळे. सांभाळायचं ते आत राहतं आणि डबा वजनावर जातो.

आत काय असतं? 2005 नंतर घरोघरी आलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी काढलेले साखरपुडे, हळदी, बारशी, दहीहंडीचे थर, आता हयात नसलेल्या आजोबांचे चार-पाच फोटो. या भागात त्याच फोल्डरमध्ये आणखीही एक ऐवज असतो. झोपडीचा फोटोपास, जुनं रेशनकार्ड, लाइटबिल, मतदारयादीचं पान यांच्या स्कॅन केलेल्या प्रती. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी 1 जानेवारी 2000 आणि सशुल्क घरासाठी 1 जानेवारी 2011 या तारखांना आपण इथे राहत होतो, हे दाखवावं लागतं. मूळ कागद ओलीत, उंदरांत किंवा एखाद्या कचेरीच्या टेबलावर हरवलेला असेल, तर निदान कसला कागद होता, त्यावर नंबर काय होता, हे सांगणारी ती प्रत असते. तेव्हा ‘फोटोच तर आहेत, गेले तर गेले’ असं इथे सहसा कोणी म्हणत नाही.

पहिलं काम म्हणजे फोटो आहेत कुठे ते शोधणं. सगळे ‘पिक्चर्स’मध्ये असतात असा समज असतो, निम्मे नसतात. डेस्कटॉपवरचे ‘न्यू फोल्डर’, डाउनलोड्स, डी ड्राइव्हवर कोणी पोराने गेम्सच्या शेजारी टाकलेलं मेमरी कार्ड, ब्लूटूथने आलेल्या फायली. त्यामुळे प्रत्येक ड्राइव्हच्या शोधचौकटीत जेपीजी हे विस्तारनाम टाकून पाहावं, मग व्हिडिओंची विस्तारनामं. जाहिरातींची आणि ब्राउझरची हजारो फुटकळ चित्रंही वर येतील. आकारानुसार लावली की मोठे ते आपले फोटो हे बहुतेक वेळा कळतं.

मग न्यायचे कसे? हातात फोन असतो, म्हणून पहिला विचार व्हॉट्सॲपचा. तो सोडून द्यावा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि त्यात दडलेली तारीख काढून टाकतं. चार एमबीचा फोटो काही शे केबीचा होऊन पोचतो. स्क्रीनवर फरक जाणवत नाही. फ्रेम करायला दिला की चेहरे पिठूळ दिसतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते, पण हजारो फोटो असे कोण पाठवत बसणार?

गूगल फोटोज हा दुसरा विचार. तिथली अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद आहे. आता 15 जीबी, आणि त्यातच जीमेल व ड्राइव्ह. समजा घरचे फोटो 40 जीबी आहेत आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोज दीड जीबीच्या हिशेबाने. सगळं चढवायला 27 दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कोणी एकही रील न पाहता. फायबर असेल तर गोष्ट वेगळी. तरीसुद्धा टेबलावर शेजारी ठेवलेल्या दोन मशीनमधला माल परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवरून फिरवून आणायचा, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

राहिला पेनड्राइव्ह, आणि बहुतेक घरांसाठी तोच बरा. जुन्या डेस्कटॉपचं पोर्ट यूएसबी 2 असेल तर सेकंदाला जेमतेम 30 एमबी जातात. 40 जीबी भरायला पंचवीस मिनिटं, पेनड्राइव्ह हलका असेल तर कितीतरी जास्त. दोन गोष्टी नडतात. जुना पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर 4 जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही. लग्नाचा अखंड व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट स्टेशनबाहेरच्या पथारीवरची. काही शे रुपयांत ‘1 टीबी’ लिहिलेला पेनड्राइव्ह मिळत असेल, तर आतली चिप खोटं बोलते आहे असं समजावं. ती कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगते, खरी जागा 16 किंवा 32 जीबी. ती भरली की पुढचा माल कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्यावरच लिहिला जातो. नावं सगळी दिसतात, उघडायला गेलं की करडी चौकट. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं फुकट साधन असा ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून त्याचं पितळ उघडं पाडतं.

दोन्ही मशीन चालू असतील आणि माल मोठा असेल तर लॅनची वायर सगळ्यांत चोख. पूर्वी यासाठी उलट जोडणीची क्रॉसओव्हर वायर लागे. आताची पोर्टं स्वतःच जुळवून घेतात. वायर थेट जोडली की दोघं आपापला 169.254 ने सुरू होणारा पत्ता घेतात. जुन्या मशीनवर फोल्डर ‘शेअर’ करायचं आणि नव्यावरून ओढून घ्यायचं. लोक अडतात ते पासवर्डपाशी. जुन्या कॉम्प्युटरला पासवर्डच नसतो, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. जुन्या खात्याला तात्पुरता पासवर्ड लावला की दार उघडतं. जुन्यावर अजून एक्सपी असेल तर मात्र या भानगडीत पडू नये. एक्सपीला येते ती देवाणघेवाणीची पहिली पद्धत असुरक्षित म्हणून नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलीच नसते. तिथे पेनड्राइव्हच. वेगाचं म्हणाल तर जुन्या 100 एमबीपीएस पोर्टवरून 40 जीबीला तासभर, गिगाबिटवर पाव तास ते अर्धा तास. आणि हो, दोन्ही टोकांना सारखीच चपटी पिन असलेली साधी यूएसबी वायर दोन कॉम्प्युटरमध्ये जोडू नये. दोन्ही बाजू 5 व्होल्ट ढकलतात. फोटो हलत नाहीत, एखादं पोर्ट मात्र जळू शकतं.

डबा सुरूच होत नसेल तर? बिघाड बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा किंवा रॅमचा असतो, हार्डडिस्क शाबूत असते. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की नव्या लॅपटॉपला मोठ्या पेनड्राइव्हसारखी दिसते. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क 12 व्होल्ट मागते, म्हणून वेगळा ॲडॅप्टर असलेलंच केसिंग घ्यावं. लॅपटॉपची अडीच इंची यूएसबीवर चालते. जुन्या खात्याचं फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असं येईल. ‘कंटिन्यू’ दाबून थांबायचं, घाबरायचं नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करावी. तशी डिस्क पुन्हापुन्हा फिरवून पाहिली की उरलंसुरलंही जातं.

इथवरचं कोणीही भाचा-पुतण्या करून देतो. फोटो खरे जातात ते पुढच्या एका खिडकीत.

डिजिटल कॅमेरे फायलींना नाव देतात ते 1998 मध्ये जपानात ठरलेल्या एका नियमाने. डीसीआयएम नावाचं फोल्डर, त्यात आठ खुणांचं नाव: पहिल्या चार अक्षरांच्या, पुढचे चार आकडे 0001 पासून 9999 पर्यंत. 9999 झाले की पुन्हा 0001. काही कॅमेरे कार्ड बदललं की पहिल्यापासून मोजतात. दादाचा आणि मामाचा कॅमेरा एकाच कंपनीचा असेल तर दोघांचा पहिला फोटो एकाच नावाचा. आता जुन्या मशीनवर ‘गणपती’ आणि ‘गावची जत्रा’ ही दोन फोल्डरं आहेत आणि दोन्हींत 0147 क्रमांकाचा फोटो आहे. वेगवेगळ्या फोल्डरांत आहेत तोवर काही बिघडत नाही. नव्या लॅपटॉपवर ‘सगळे एकत्र टाकू, नीट दिसतील’ म्हणून एकाच फोल्डरमध्ये ओढले की विंडोज विचारते: त्याच नावाच्या 212 फायली इथे आहेत, बदलू का, वगळू का? रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सकाळी सातची लोकल असते. ‘बदला’ दाबलं की गणपतीचे 212 फोटो जत्रेखाली गाडले जातात, आणि ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत. ‘वगळा’ दाबलं की जत्रेचे 212 आलेच नाहीत. दोन्ही वेळा खालची हिरवी पट्टी भरते आणि सगळं यथासांग झाल्यासारखं दिसतं.

उपाय साधा आहे. नेताना आवराआवर करायची नाही. नव्या मशीनवर ‘जुना पीसी’ नावाचं एक फोल्डर करायचं आणि जुन्यावरचा पसारा त्यात जसाच्या तसा, फोल्डरांसकट आणायचा. नीट लावणं पुढच्या महिन्यात. फोल्डरचं नाव हीच पुष्कळदा एकमेव माहिती असते. फोटो घेतल्याची तारीख एक्झिफ या भागात फाइलच्या पोटात असते आणि कॉपी करताना ती हलत नाही. ‘तयार झाल्याची तारीख’ मात्र नव्या मशीनवर आजची दिसते, त्याने दचकू नये. पण कॅमेऱ्याचा सेल उतरून घड्याळ मागे गेलं असेल, तर पोटातली तारीखही खोटीच. मग पुतणीचं बारसं तिच्या जन्माआधीच्या 1 जानेवारीला झालेलं दिसतं. अशा वेळी कोणीतरी टाइप केलेलं ‘पिंकी बारसं’ एवढंच खरं.

पिकासा हा फोटोंचा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण या पिढीच्या डेस्कटॉपवर तो हटकून असतो. गूगलने 15 मार्च 2016 नंतर त्याचा पाठिंबा बंद केला, तरी जुन्या मशीनवर तो अजून चालतो. पिकासात फोटो उजळला, कापला, तरी ‘सेव्ह’ करेपर्यंत मूळ फाइलला हात लागत नाही. काय बदल केला याची नोंद त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये राहते. तेव्हा डबा चालू आहे तोवर पिकासा उघडून आवडीचे फोटो सेव्ह करून घ्यावेत. नेताना अख्खं फोल्डर उचलावं. आत शिरून दिसतील तेवढेच फोटो निवडले की लपलेल्या फायली मागे राहतात.

कॉपी करायची, कट करून पेस्ट नाही. अर्ध्यात लाइट गेली तर काय इकडे आणि काय तिकडे हे शोधत बसावं लागतं. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा जमत असेल तर उत्तम. मध्येच तुटलं तर पुन्हा चालवल्यावर ती उरलेलंच नेते. संपल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांची ‘प्रॉपर्टीज’ उघडून फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहावा. तिथे आकाराचे दोन आकडे असतात. नुसता ‘साइज’ जुळायला हवा; ‘साइज ऑन डिस्क’ दोन मशीनवर वेगळा दिसू शकतो. मग सगळ्यांत मोठा व्हिडिओ, सगळ्यांत शेवटचं फोल्डर आणि फोटोपासचं स्कॅन, एवढं प्रत्यक्ष उघडून पाहावं. जुळलं तरी हा एकच संच. स्वस्तातली बाहेरची डिस्क घेऊन दुसरा करून ठेवावा, आणि नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप आपोआप चालू झालं आहे का तेही पाहावं. असेल तर 48 आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात. तिच्याशिवाय उद्या लॅपटॉप बिघडला तर त्याची डिस्क केसिंगमध्ये घालूनही काही हाती लागणार नाही.

आता डबा. दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा विचारतो, ‘काका, डेटा ठेवायचाय की उडवायचाय?’ आणि ‘उडव’ म्हटल्यावर क्विक फॉरमॅट मारतो. त्याने फक्त यादी पुसली जाते. फोटो आणि कागदपत्रं डिस्कवर तशीच राहतात आणि रिकव्हरीचं फुकट सॉफ्टवेअर त्यातलं बरंच वर काढतं. फिरत्या हार्डडिस्कवर ‘क्विक’ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढे, प्रत्येक जागी शून्य लिहितो. वेळ तासांत लागतो. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांच्या हिशेबाने असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. बहुतेक डबे तरीही हातगाडीवरच चढतात. चढायचाच असेल तर आधी बाजूचं झाकण उघडावं, डिस्कचे चार स्क्रू काढावेत, दोन वायरी ओढाव्यात आणि डिस्क घरी ठेवावी. कपाटात ती एखाद्या छोट्या पुस्तकाएवढी जागा घेते. डिस्क नाही म्हणून गाडीवाला भाव थोडा पाडेल. पाडू द्यावा.