दोन जुन्या मोटारींची निवड

युरोपात जुनी वेगवान मोटार शोधणाऱ्यासमोर दोन जर्मन गाड्या हटकून येतात: १९९७ साली निघालेली पोर्शे ९११, जिला '९९६' म्हणतात, आणि २००० सालची बी.एम.डब्ल्यू. एम३. पहिलीचे एंजिन मागे, आरंभी ३०० अश्वशक्तीचे. दुसरीचे पुढे, ३४३ अश्वशक्तीचे. परंतु एवढ्या वयाच्या गाडीचे बळ पाहण्याआधी तिची दुखणी पाहावीत, असे आम्हांस वाटते.

पोर्शेच्या एंजिनात मधल्या दांड्याचे एक बेअरिंग असते. ते तुटले की सारे एंजिनच निकामी होऊ शकते. आणि बाहेरून सहसा मागमूसही लागत नाही. गियरबॉक्स उतरविल्यावाचून ते बदलता येत नाही. म्हणून क्लच बदलताना तेही बदलले होते काय, असे विकणाऱ्यास विचारावे व पावती मागावी. तोंडी ग्वाही घेऊ नये.

एम३ च्या मागील तळपत्र्यास भेगा पडतात. मात्र गाडी उचलून खाली विजेरी धरली की त्या बहुधा दिसतात. तिच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगेही झिजतात, पण ती खालून बदलता येतात. शिवाय मागे दोन मोठी माणसे बसतात; पोर्शेत तेथे मुलेच मावावीत!

आमचा कौल एम३ ला. पोर्शेवाल्याने ती पावती पुढे ठेवली, तर गोष्ट निराळी.