त्वचेचा पहिला मिलिमीटर

गेल्या आठवड्यात ग्लुकोमीटरच्या पट्टीबद्दल लिहिताना बोट टोचण्याचा मुद्दा बाजूला ठेवला होता. बोटाच्या टोकाशी मज्जातंतूंची दाटी असते, म्हणून तिथली टोच झोंबते. मग त्वचा भेदायची, पण मज्जातंतूंना फारसा धक्का लावायचा नाही, असं करता येईल का?

येतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो; त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन. खरा अडसर तोच. तो ओलांडला की जिवंत पेशी लागतात आणि त्यांच्या फटींत भरलेला पातळ द्रव. नवी चप्पल चावल्यावर फोडात साचणारं पाणी बरंचसं याच जातीचं. रक्तातली साखर, क्षार, औषधं केशवाहिन्यांतून पाझरून या द्रवात उतरतात. मिलिमीटरभरही लांब नसलेली सूक्ष्मसुई तिथवर पोचते. रक्त सहसा येत नाही, दुखतंही नावापुरतंच.

कल्पना तशी जुनी. अमेरिकेत १९७६ साली तिचं पेटंट निघालं होतं, पण इतक्या बारीक सुया घडवणार कशा? पुढे संगणकाच्या चिप कोरण्याचं तंत्र हाताशी आलं आणि १९९८ मध्ये जॉर्जिया टेकमधल्या मार्क प्रॉझनिट्झ यांच्या गटाने सिलिकॉनच्या सूक्ष्मसुया करून दाखवल्या. त्या औषध आत सोडण्यासाठी होत्या. आत काय चाललंय ते ओळखणाऱ्या सुया नंतर आल्या.

त्यातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातला. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला पेनिसिलिनच्या कुळातलं औषध दिलं, तरी ते शरीरात किती टिकेल याचा भरवसा नसतो. कुणाची मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात, कुणाच्या अंगात ते साठतं. औषधाची पातळी पुरेसा वेळ टिकली तरच जंतू मरतात. इथल्या संशोधकांनी सुईच्या टोकावर बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर बसवलं. हे विकर मूळचं जंतूंचं. पेनिसिलिन मोडून टाकायला ते हेच वापरतात. शत्रूचं हत्यारच हेरगिरीला लावलं म्हणा ना! पेनिसिलिन मोडताना आम्ल तयार होतं, सुईवरचा इरिडियम ऑक्साइडचा थर तो बदल विजेच्या दाबात टिपतो. २०१९ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्लेमिंगना १९२८ मध्ये ज्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलिन सापडलं, त्याचं वैद्यकीय महाविद्यालय आज याच इम्पिरियलचा भाग आहे.

सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एकाच पॅचमध्ये दोन-दोन गोष्टी मोजल्या: साखरेसोबत मद्यार्क, किंवा साखरेसोबत लॅक्टेट. स्वयंसेवकांनी दंडावर पॅच लावून जेवण केलं, व्यायाम केला, वाइन घेतली. आकडे मोबाइलवर येत राहिले.

मग हे दुकानात का दिसत नाही? सुई टोचणं आता सोपं झालंय, टोकावरचं रसायन मात्र नाजूक आहे. त्वचेत घुसतानाच लेप खरवडला जाऊ शकतो, विकर दिवसागणिक मंदावतं, पॅच जरा उचकटला की टोक द्रवाबाहेर येतं. शिवाय साखर रक्तातून या द्रवात उतरायला काही मिनिटं लागतात. दंडावर लावायचे साखरेचे सेन्सर आज विकत मिळतात. त्यांची तार साधारण ५ मिलिमीटर आत जाते, पण वाचते हाच द्रव, त्यामुळे हा उशीर त्यांनाही चुकलेला नाही. साखर झपाट्याने उतरत असताना ही मिनिटं महत्त्वाची ठरतात.

एक सावधगिरी. सुईशिवाय, नुसत्या मनगटावरून स्वतःच साखर मोजतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या सर्रास विकल्या जातात. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर अशा आकड्यावरून डोस बदलू नका. बोट टोचून खात्री करा.

पुढील आठवड्यात : घामातून काय काय कळतं?