उपग्रहांची नावे आणि काशीची मराठी ज्योतिर्विद्या

काशीतील दुर्गाघाट हा पंचगंगा आणि ब्रह्मा या दोन घाटांच्या मधला घाट होय. तो अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधविला. आजूबाजूच्या गल्ल्यांत महाराष्ट्रीय कुटुंबांची जी वसती झाली, तिच्यामुळे हा भाग काशीतील मराठी मोहल्ला म्हणूनच ओळखला गेला. परंतु काशीशी मराठी पंडितांचा, विशेषतः ज्योतिषांचा, संबंध ह्या घाटाहून जुना आहे. विदर्भातील दधिग्रामचे रंगनाथ यांनी सूर्यसिद्धान्तावरील ‘गूढार्थप्रकाश’ ही टीका शके १५२५ मध्ये, म्हणजे १६०३ साली, काशीत पूर्ण केली. त्यांचे पुत्र मुनीश्वर यांचा ‘सिद्धान्तसार्वभौम’ १६४६ चा. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामहून आलेल्या घराण्यातील कमलाकर यांचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ १६५८ चा. मुनीश्वर आणि कमलाकर हे समकालीन तसेच परस्परांचे कडवे प्रतिस्पर्धी होते.

ह्या सनांच्या शेजारी दुसरे काही सन ठेवले असता एक विलक्षण योग दिसतो. गॅलिलिओने गुरूजवळचे ठिपके दुर्बिणीतून प्रथम पाहिले ते ७ जानेवारी १६१० रोजी. हायगेन्सला शनीचा सर्वांत मोठा उपग्रह दिसला तो मार्च १६५५ मध्ये, म्हणजे ‘तत्त्वविवेक’ पूर्ण होण्याच्या अवघी तीन वर्षे आधी. कमलाकर काही कोंडलेल्या मनाचे पंडित नव्हते. समरकंदच्या उलूगबेगाची कोष्टके त्यांना ठाऊक होती, आणि अरबी-फारशी ज्योतिषातील पुष्कळ गोष्टी त्यांनी संस्कृतात आणल्या. मात्र सूर्यसिद्धान्ताच्या प्रामाण्याला धक्का लागेल अशी कोणतीही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. गुरूभोवती चार ज्योती फिरतात ही वार्ता त्यांच्या कानी पडती, तर त्यांनी तिची व्यवस्था कशी लावली असती, हा प्रश्न वाटतो तितका निरर्थक नाही. ती वार्ता पुढे मराठीत आली तेव्हा हाच पेच भाषेपुढे उभा राहिला. फरक इतकाच, की तो गणिताचा नसून नावांचा होता.

पहिली अडचण ‘उपग्रह’ ह्या शब्दाचीच. आज हा शब्द इतका रुळलेला आहे की तो जणू याच अर्थाने जन्माला आला असे वाटावे. परंतु फलज्योतिषात तो फार पूर्वीपासून निराळ्या अर्थाने नांदत होता. धूम, व्यतीपात, परिवेष, इंद्रचाप व उपकेतू हे उपग्रह सूर्याच्या स्थानावरून गणिताने काढावयाचे. डोळ्यांनी दिसणारे पिंड ते नव्हेत. त्यांच्याच बरोबरीने गुलिक व मांदी यांची गणना होते. ‘मंद’ हे शनीचे एक नाव, म्हणून त्याचा पुत्र तो मांदी. शनीला उपग्रह आहे, हे विधान काशीतल्या एखाद्या जुन्या जोश्यालाही खटकले नसते; त्याने फक्त त्याचा अर्थ वेगळा घेतला असता! युरोपात केप्लरने १६११ मध्ये गुरूच्या सोबत्यांसाठी जो लॅटिन शब्द योजला, त्याचा मूळ अर्थ अंगरक्षक किंवा बड्या माणसामागून चालणारा सेवक असा आहे. म्हणजे तिकडे दरबारातला शब्द आकाशात गेला, आणि इकडे आकाशातलाच एक अदृश्य शब्द दृश्य पिंडाला चिकटविण्यात आला. शिवाय भारतीय परंपरेत चंद्र हा स्वतः नवग्रहांपैकी एक, पूर्ण अधिकाराचा ग्रह. त्याला उपग्रह म्हणणे ही एका परीने पदावनतीच होती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे अशी आहे. गॅलिलिओने आपल्या चार ज्योती मेदिची घराण्याला अर्पण केल्या होत्या. त्यांना आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो ही नावे सिमोन मारिउस याने १६१४ मध्ये दिली, आणि ती सुचविण्याचे श्रेय त्याने केप्लरलाच दिले. चौघेही ज्यूपिटरच्या वासनेचे विषय झालेले: कोणी फसविलेली, कोणी पळवून नेलेला. ग्रह आणि उपग्रह यांच्या नावांत असा एक कथासंबंध गुंफला गेला, की एक नाव उच्चारताच दुसऱ्याचा अर्थ लागतो. मराठीने मात्र ग्रहाचे नाव आपले ठेवले आणि उपग्रहांची परकी घेतली. त्यामुळे ‘गुरूचा उपग्रह आयो’ ह्या तीन शब्दांत दोन पुराणे एकत्र येतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. आपला गुरू म्हणजे देवांचा पुरोहित बृहस्पती. त्याने कोणाचे हरण केले नाही, उलट त्याचीच पत्नी तारा चंद्राने पळवून नेली आणि त्या प्रकरणातून बुधाचा जन्म झाला. ‘गुरूचे चंद्र’ हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग पुराणज्ञाच्या कानाला किती चमत्कारिक वाटावा!

शनीच्या बाबतीत विसंगती आणखी गमतीची होते. कासीनीने १६७१ ते १६८४ ह्या काळात शोधलेले चार उपग्रह चौदाव्या लुईच्या नावे अर्पण केले होते, आणि व्यवहारात सर्वांना नुसते क्रमांक होते. अंतराच्या क्रमाने क्रमांक द्यावेत तर नवा उपग्रह सापडला की जुन्यांचे क्रमांक सरकत. विल्यम हर्शलने १७८९ मध्ये मिमास व एन्सेलॅडस हे आतल्या कक्षांतले दोन शोधल्यावर हा घोटाळा असह्य झाला. त्याचा पुत्र जॉन हर्शल याने १८४७ मध्ये सातही उपग्रहांना नावे सुचविली. त्यामागचा विचार असा, की शनी आपली मुले गिळून टाकणारा, म्हणून त्याच्याभोवती मुले कशी जमवावीत? तेव्हा त्याचे बंधुभगिनी, म्हणजे टायटन कुळातील नावे घ्यावीत. इकडे मात्र शनी पुत्रवान आहे आणि त्याचा मांदी पंचांगाच्या गणितात सुखाने नांदतो आहे. दोन परंपरांनी एकाच ग्रहाविषयी इतकी विरुद्ध कुटुंबकथा रचावी, आणि दोहोंनीही उपग्रहाची कल्पना त्या कुटुंबातच शोधावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

युरेनसचे मराठी नाव ‘हर्षल’ हे शोधकाचे नाव आहे. पंचांगात ते पक्के बसले असून ‘प्रजापती’ हे नाव ग्रंथांपुरते राहिले. योगायोगाने हेच नाव येथे सर्वांत समर्पक ठरते. ह्या ग्रहाचे पहिले दोन उपग्रह विल्यम हर्शलनेच १७८७ मध्ये पाहिले, आणि त्यांना व लॅसेलने १८५१ मध्ये शोधलेल्या आणखी दोघांना नावे मिळाली ती जॉन हर्शलकडून: टायटॅनिया, ओबेरॉन, एरिअल, अंब्रिएल. येथे पुराण संपून नाटक सुरू होते. शेक्सपिअरची पात्रे, आणि त्यांच्या जोडीला पोपच्या काव्यातली. ‘व्हॉयेजर-२’ हे यान १९८६ मध्ये ह्या ग्रहाजवळून गेले, तेव्हा सापडलेल्या उपग्रहांत ऑफेलिया, पोर्शिया, ज्यूलिएट यांच्याबरोबर डेस्डेमोनाही आली. मराठी रंगभूमीवर ती त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीच आली होती, पण ‘कमळजा’ होऊन. देवलांच्या ‘झुंझारराव’ नाटकाने (१८९०) ऑथेल्लोच्या साऱ्या परिवाराला मराठी नावे दिली, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही. मग आकाशातल्या डेस्डेमोनेला कमळजा का म्हणू नये? नाटकात सबंध कथा स्थलांतरित होते, म्हणून नावही बदलता येते. खगोलाच्या नामावलीत कथा पूर्वीच गळून पडलेली असते. उरते ते नाव, आणि ते जगातल्या सर्व वेधशाळांना समान असावे लागते.

नामकरणाचा मराठी प्रयत्न झालाच नाही असे मात्र नव्हे. काशीच्या मराठी ज्योतिषांत बापूदेव शास्त्री हे एकोणिसाव्या शतकातले अग्रणी. गोदातीरीच्या टोके गावचे हे घराणे. १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात होते, आणि १८६१ मध्ये त्यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. नव्या युरोपीय गणिताला संस्कृत पाठशाळेत प्रतिष्ठा मिळाली ती त्यांच्यासारख्यांमुळे. त्याच नव्या वळणाचे पुढले मोठे ज्योतिर्विद म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४-१९३०). त्यांनी १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिर्विद्या मंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे अनुमान मांडले आणि त्यांना ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ ही नावे दिली. ह्या अनुमानाचा आधार गुरूच्या उपग्रहांतच होता. आयो, युरोपा व गॅनिमीड यांचे प्रदक्षिणाकाल अनुक्रमे सुमारे १.७७, ३.५५ व ७.१५ दिवस. प्रत्येक काल आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तिघांच्या गतींत लाप्लासने दाखविलेला एक नेमका संबंध आहे. असाच मेळ ग्रहांतही असावा असे केतकरांनी धरले. त्यांच्या ब्रह्म्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे आणि सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट निघाले. केतकरांच्या निधनाच्या वर्षीच, १९३० मध्ये, प्लूटो सापडला. त्याचे आकडे २४८ वर्षे व साडेएकोणचाळीस पट.

ह्या जुळणीचा अभिमान बाळगणारे पुष्कळ आहेत. तो अस्थानी नाही, परंतु जुळणीवरून पद्धत सिद्ध होत नाही. गणिताची सुबक रचना निसर्गाने पाळलीच पाहिजे असे नाही, आणि केतकरांचा विष्णू कोणालाही सापडलेला नाही. साहित्याच्या दृष्टीने नावांचाच प्रश्न अधिक उद्बोधक ठरतो. ‘ब्रह्मा’ रूढ झाला असता, तर ‘प्रजापती’ आधीच असलेल्या आकाशात एकच देवता दोन ग्रहांवर बसली असती. अकरा वर्षांच्या व्हेनिशिया बर्नी ह्या मुलीने सुचविलेले ‘प्लूटो’ टिकले. त्याला नेपच्यूनशी भावाचे नाते होते, आणि पर्सिव्हल लोवेलची आद्याक्षरेही त्यात होती.

विसाव्या शतकात हे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाकडे गेले आणि कवींच्या लहरीची जागा नियमांनी घेतली. गुरूच्या दूरच्या उपग्रहांपैकी जे ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेने फिरतात त्यांची नावे आकारान्त, जे उलट फिरतात त्यांची एकारान्त: एकीकडे एलारा, लीडा, हिमालिया, दुसरीकडे कार्मे, सिनोपे, अनांके. अन्त्य स्वरावरून गती कळावी, ही युक्ती विभक्तिप्रत्ययांत वाढलेल्या मराठी वाचकाला लगेच पटावी. पण इंग्रजी उच्चारामागे जाऊन ‘कार्मी’, ‘सिनोपी’ लिहिणारे तीच पुसून टाकतात. (हिमालियाचा हिमालयाशी काही संबंध नाही, ती ऱ्होड्स बेटावरची अप्सरा.) शनीच्या दूरच्या उपग्रहांसाठी ग्रीस-रोम अपुरे पडले, तेव्हा इन्युइट, नॉर्स आणि गॅलिक कथांकडे जावे लागले. मार्च २०२५ मध्ये त्या ग्रहाचे आणखी १२८ उपग्रह जाहीर होऊन संख्या २७४ झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांना अद्याप नुसते संकेतांक आहेत. भारतीय नावांना जागा मिळाली ती उपग्रहांना नव्हे, तर त्यांच्या भूपृष्ठावरील स्थळांना: आयोवर ‘सूर्य’ नावाचे ज्वालामुखीकुंड आहे, आणि टायटनवरच्या एका काळ्या डागाचे नाव ‘गणेश’.

मराठीत आज जो प्रश्न खरोखर उरतो तो लेखनाचा. प्लूटोचा मोठा उपग्रह जेम्स ख्रिस्टी याने १९७८ मध्ये शोधला. मृतांना नदीपार नेणाऱ्या ग्रीक नावाड्याचे नाव त्याने निवडले ते ‘शार’ ह्या आपल्या पत्नीच्या लाडक्या नावाशी जुळते म्हणून, आणि म्हणूनच त्याचे सहकारी ‘शॅरन’ असा उच्चार करतात. मराठी पुस्तकांत ‘शॅरन’, ‘कॅरन’ आणि ‘चॅरॉन’ अशी तिन्ही रूपे आढळतात. तिसऱ्याला कसलाच आधार नाही. पहिल्या दोहोंत ‘कॅरन’ पत्करणे बरे, कारण पुढे २००५ ते २०१२ ह्या काळात सापडलेली त्याची भावंडे निक्स, हायड्रा, कर्बेरॉस आणि स्टिक्स ही त्याच पाताळाच्या परिसरातली आहेत, आणि स्टिक्स तर ती नदीच आहे.