खिडकी कोणाची?

सीनियर्सकडून आमच्या ग्रुपला वारसाहक्काने एक डॉक मिळाला. डॉक म्हणजे लिनक्सच्या स्क्रीनवर खाली असते ती आयकॉन्सची पट्टी. तक्रार एकच. आमचा जावाचा प्रोग्रॅम चालू केला की त्याचा आयकॉन ढिम्म, आणि शेजारी एक अनोळखी राखाडी चौकोन उगवायचा. "एका रात्रीचं काम आहे," असं मी ग्रुपला ऐटीत सांगितलं. तीन रात्री गेल्या, त्यातल्या अडीच लायब्ररीत. (कॉलेजच्या नव्हे!)

त्याचं असं आहे, की एक्स विंडो सिस्टिमला अ‍ॅप्लिकेशन ही भानगड माहीतच नाही. तिला दिसतात नुसत्या विंडोज. प्रत्येक विंडोवर 'डब्ल्यूएम क्लास' नावाची खूण असते, धोबी कॉलरवर करतो तशी. दुसरीकडे मेन्यूतल्या प्रत्येक प्रोग्रॅमची डेस्कटॉप फाइल असते. नाव, आयकॉन, कमांड सगळं तिच्यात. डॉकने या दोघांची जोडी जुळवायची. खूण जुळली नाही तर प्रोसेस नंबरवरून कमांड शोधायची. पण जावाचे सगळेच प्रोग्रॅम 'जावा' याच कमांडने चालतात, मग कळणार काय, कपाळ? त्यावर उपाय म्हणजे डेस्कटॉप फाइलमध्ये 'स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास' ही ओळ. (एक्सप्रॉप कमांड देऊन विंडोवर क्लिक करा, खूण कळते.)

आमचा म्हातारा डॉक ती ओळ वाचायचाच नाही. म्हणून खुणा वाचायला लिबडब्ल्यूएनसीके ही लायब्ररी जोडली. कंपाइल झालं, लिंक झालं, आणि चालवल्याबरोबर प्रोग्रॅम आडवा! डॉक होता जीटीके २ वर, आणि नव्या लायब्ररीने मागच्या दाराने जीटीके ३ आत आणलं. दोघांतल्या फंक्शन्सची नावं बरीचशी सारखीच, त्यामुळे एका प्रोसेसमध्ये दोघं नांदूच शकत नाहीत. एलडीडी कमांडने दोघांचीही नावं एकाखाली एक दाखवली. हे आधी बघितलं असतं तर दीड रात्र वाचली असती.

खरा उपाय म्हणजे सगळा डॉक जीटीके ३ वर नेणं, कारण जीटीके २ चं काम २०२० मध्येच संपलं. पण सबमिशन डोक्यावर होतं. तेव्हा बॅम्फ सापडला. उबुंटूच्या युनिटीत जोड्या जुळवण्याचं काम हाच करायचा. हा वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि डी-बसवर विचारलं की 'ही विंडो अमुक डेस्कटॉप फाइलची' असं उत्तर देतो. त्याच्या लायब्ररीज त्याच्या घरात, आमच्या आमच्या घरात. राखाडी चौकोन गेला. जल्लोष!

डेमोला लॅबच्या मशीनवर मात चौकोनांची रांगच लागली. तिथे बॅम्फ इन्स्टॉलच नव्हता. डिपेंडन्सी (अवलंबित्व म्हणतात म्हणे) गेली नव्हती, फक्त दिसेनाशी झाली होती. एलडीडीला लिंक केलेल्या लायब्ररीज कळतात, डी-बसवरचा शेजारी कळत नाही. डेब पॅकेज बनवताना लायब्ररीज आपोआप शोधणारं टूलसुद्धा इथे आंधळंच. आता कंट्रोल फाइलच्या 'डिपेंड्स' ओळीत 'बॅम्फडीमन' हे नाव मी हाताने लिहिलं आहे. पुढच्या बॅचला सूचना : ती ओळ खोडू नका, आणि लॉगिन करताना वेलँड नव्हे, एक्सचं सेशन निवडा. वेलँडवर खुणेच्या जागी 'अ‍ॅप आयडी' असतो आणि दुसऱ्याच्या विंडोज अशा चोरून बघताच येत नाहीत.