जहाल, मवाळ आणि लोकशाहीतला प्रतिपक्ष

राजकारणात भूमिकांना नावे द्यावीच लागतात, कारण प्रत्येक प्रश्नावर प्रत्येक उमेदवाराचे म्हणणे तपासून पाहण्याइतकी सवड सामान्य मतदाराला नसते आणि पक्षाच्या किंवा गटाच्या नावावरून त्याला निदान दिशा तरी कळते. तोवर त्या नावात वावगे काही नसते. पण तेच नाव भूमिकेऐवजी स्वभावाचे वर्णन करू लागले, म्हणजे अमुक गटातला माणूस भित्राच आणि तमुक गटातला माथेफिरूच असे आधीच ठरून गेले, की त्याचा शिक्का होतो आणि शिक्का बसलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते. व्यक्तीकडे न पाहता तिच्या गटाविषयीची ठरीव कल्पना तिच्यावर लादण्याच्या या सवयीला समाजशास्त्रात साचेबद्ध प्रतिमा म्हणतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने या सवयीची किंमत सार्वत्रिक मताधिकार येण्याच्या कितीतरी आधी, जहाल-मवाळ वादात मोजलेली आहे, आणि आजच्या लोकशाहीचा विचार करतानाही त्या वादाकडे पुन्हा पाहण्याजोगे पुष्कळ आहे.

या दोन गटांचे पुढारी एकमेकांना परके नव्हते. ‘केसरी’ १८८१ साली निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर होते, आणि पुढे टिळक, आगरकर व गोखले हे तिघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीत एकत्र काम करत होते. मतभेद वाढत गेले ते प्रथम समाजसुधारणेच्या प्रश्नावर. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा परक्या सरकारने कायद्याच्या बळावर हिंदू समाजात ढवळाढवळ करू नये अशी टिळकांची भूमिका होती, तर सुधारकांना तो कायदा हवा होता. १८९५ मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकारी मंडळ टिळकांच्या अनुयायांच्या हाती गेले, गोखले चिटणीसपदावरून दूर झाले आणि पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन सभा स्थापन करून उदारमतवाद व नेमस्तपणा ही तिची तत्त्वे म्हणून जाहीर केली.

रानडे-गोखले यांच्या परंपरेतले लोक स्वतःला नेमस्त म्हणवत, आणि त्यांना मवाळ ठरवले ते प्रतिपक्षाने. टिळकांचे सहकारी स्वतःला राष्ट्रीय पक्षाचे किंवा नव्या पक्षाचे म्हणवत, तरी लोकांच्या तोंडी रुळले ते जहाल हेच नाव. या नावांचे अस्थिर रूप टिळकांनी स्वतः ओळखले होते. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्यात नव्या पक्षाची तत्त्वे मांडताना त्यांनी सांगितले होते की आजचे मवाळ काल जहाल होते आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. दोन दशकांच्या आत तसेच घडले, कारण १९२६ मध्ये टिळकांचे निकटचे सहकारी न. चिं. केळकर प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकारच्या सहकार्याच्या प्रमाणात सहकार्य करण्याच्या, पक्षात होते आणि कायदेमंडळाबाहेर राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचीच भूमिका नेमस्त भासू लागली होती.

मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारा, सरकारपुढे कणा नसलेला माणूस, अशी प्रतिमा बनली होती. प्रत्यक्षात १९०१ साली मुंबई कायदेमंडळात जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकाविरुद्ध फिरोजशहा मेहता यांच्यासह सभात्याग करणाऱ्यांत गोखले होते. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात, दुष्काळाने गांजलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर लादले आहेत असाच होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनिशी दाखवून दिले. आणि १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी लॉर्ड कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाच्या राजवटीशी केली. जहाल म्हणजे कायदा न मानणारा आततायी, ही दुसरी प्रतिमाही तितकीच अपुरी होती. टिळक मुंबई कायदेमंडळाचे निवडून आलेले सभासद होते, मंडालेच्या तुरुंगातून सुटल्यावर १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर पत्रक काढून हिंसक कृत्यांचा निषेध केला आणि महायुद्धात सरकारला साहाय्य करण्याचे आवाहन केले, तसेच १९१९ च्या सुधारणा कायद्याबाबत सरकार जितके सहकार्य करील तितके आपणही करावे असा मार्ग सुचवला.

या जोडनावाने आणखी एक गोष्ट झाकून टाकली, आणि तिची दखल मराठी इतिहासलेखनातही पुरेशी घेतली जात नाही. राजकारणात मवाळ ठरलेले अनेक जण सामाजिक प्रश्नांत धीट होते, तर राजकारणात जहाल असलेले अनेक जण सामाजिक प्रश्नांत सावध किंवा विरोधी होते. एकाच मोजपट्टीवर माणसे मांडली की तिच्याबाहेरचे प्रश्न दिसेनासे होतात. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली होती आणि शाहू छत्रपतींनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांच्या अनुयायांच्या दृष्टीने जहाल आणि मवाळ हे दोन्ही गट प्रामुख्याने पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांचेच होते. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, ही त्या काळातली केवढी मोठी घटना. पण जहाल-मवाळ कथेत तिला जागाच सापडत नाही.

डिसेंबर १९०७ मधले काँग्रेसचे सुरतेचे अधिवेशन हा या वादाचा कळस. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे आदल्या वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनातले चार ठराव सौम्य केले जाणार असा जहालांचा संशय होता, तर नवे लोक सभा उधळण्यासाठीच आले आहेत असे मवाळांना वाटत होते. दुसऱ्या दिवशी, आपण पाठवलेल्या चिठ्ठीला उत्तर मिळाले नाही म्हणून टिळक व्यासपीठावर गेले आणि बोलू द्यावे असा आग्रह धरून तिथेच उभे राहिले; त्यांना खाली ओढण्यासाठी माणसे पुढे सरसावली. तेवढ्यात लालसर कातड्याचा एक मराठी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर आपटून फिरोजशहा मेहतांना लागला. पुढे खुर्च्या आणि काठ्या चालल्या व पोलिसांनी मंडप रिकामा केला. त्या वेळी हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने एक तपशील टिपून ठेवला आहे : टिळकांवर लोक धावून येत होते तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहून दोन्ही हात पसरून त्यांना वाचवणारे गृहस्थ गोखले होते. या मंडपात सर्वांत जास्त महत्त्वाचे काही घडले असेल तर ते हेच, आणि दोन्ही गटांनी नंतर प्रसिद्ध केलेल्या परस्परविरोधी हकिकतींत नेमके त्याचेच मोल हरवले.

यानंतर मवाळांनी काँग्रेसची नवी घटना करून तिच्या ध्येयवाक्यावर सही करण्याची अट घातली, त्यामुळे जहालांना दार बंद झाले. मवाळांना जवळ करायचे आणि जहालांना एकटे पाडायचे हे धोरण सरकारनेही उघडपणे अवलंबले : एकीकडे १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा, दुसरीकडे वृत्तपत्रांवरचे निर्बंध आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा. १९१४ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी समेटाचा प्रयत्न केला, पण टिळकांना काँग्रेसमध्ये येऊन सरकारची अडवणूकच करायची आहे असा गोखल्यांचा समज झाला, तो त्यांनी खाजगी पत्रातून नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसूंना कळवला, मद्रास अधिवेशनात त्याची वाच्यता झाली आणि टिळकांनी इन्कार करूनही समेट फिसकटला. दोन महिन्यांत गोखले वारले. टिळकांनी स्मशानात त्यांचा मनःपूर्वक गौरव केला. दोन्ही गट पुन्हा एकत्र बसले ते १९१६ मध्ये लखनौला, म्हणजे सुरतेनंतर नऊ वर्षांनी.

गोखल्यांसारख्या न्यायबुद्धीच्या माणसाचाही असा समज का व्हावा, याचे उत्तर पुढे मानसशास्त्राने दिले. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांना दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात यावरून गट पाडल्याचे सांगितले, प्रत्यक्षात गट यदृच्छेने पाडले होते. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि कित्येकदा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे अशी वाटणी निवडली. अमेरिकेतील डग्लस आहलर आणि गौरव सूद यांच्या २०१८ च्या अभ्यासात लोकांना वाटत होते की रिपब्लिकन मतदारांपैकी ३८ टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक कमावतात, खरा आकडा सुमारे २ टक्के होता. डेमोक्रॅट मतदारांतील समलिंगी व तत्सम ओळखीच्या लोकांचे प्रमाण त्यांना ३२ टक्के वाटत होते, खरे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांनी २०२० मध्ये दाखवले की उमेदवार लोकशाहीचे नियम मोडत असला तरी त्यासाठी आपल्या पक्षाविरुद्ध मत देणारे मतदार फारच थोडे असतात. याची एक चिंताजनक पुरवणी आलिया ब्रेली आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या संशोधनात आहे : समोरचा पक्ष नियम मोडणारच अशी धारणा असली की माणसे स्वतःही नियम मोडायला तयार होतात, आणि ती धारणा खऱ्या माहितीने दुरुस्त केली की ही तयारी कमी होते.

आजच्या महाराष्ट्रातही हेच दिसते. भक्त, अंधभक्त, शहरी नक्षलवादी, देशद्रोही, फुरोगामी ही विशेषणे सर्व बाजूंनी फेकली जातात. शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर एका बाजूने गद्दारीचा आणि दुसऱ्या बाजूने हिंदुत्व सोडल्याचा शिक्का मारला गेला, पण या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे पक्षादेश काढण्याचा अधिकार विधिमंडळातील गटाचा की मूळ राजकीय पक्षाचा, हा ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजकीय पक्षाच्या बाजूने सोडवला, हे नागरिकांपर्यंत पोचलेच नाही. पुढच्या निवडणुकीत मत देताना उपयोगी पडणारी माहिती तीच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या, तेव्हा समाजात ढळढळीत विषमता नसावी या अटीपाठोपाठ त्यांनी विरोधी पक्षाचे अस्तित्व ही अट ठेवली, आणि इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो याकडे लक्ष वेधले. सरकारला जाब विचारणारा माणूस शत्रू नसून व्यवस्थेचाच भाग आहे, याची ती रोख कबुली असते. भारतात संसदेतील विरोधी पक्षनेत्यांना पगार व भत्ते देणारा कायदा १९७७ मध्ये झाला. महाराष्ट्रात मात्र नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ जागांच्या विधानसभेत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला अवघ्या २० जागा मिळाल्या आणि एक दशांश जागांच्या, म्हणजे २९ सदस्यांच्या प्रघातावर बोट ठेवून विरोधी पक्षनेतेपद द्यायचे की नाही याचाच वाद सुरू झाला.